शिरोळच्या आईचं गाऱ्हाणं

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्ष पौर्णिमेला सूर्य कलायला लागला की आपल्या मंदिरात गर्दी होते. फुलांनी सजवलेला पाळणा मधोमध टांगलेला असतो. बाया पाळण्याची दोरी धरायला पुढे पुढे होतात. जन्माची वेळ होते, घंटा वाजतात, गुलाल उधळतो, सुंठवडा वाटला जातो. गेली पंचवीस-सव्वीस वर्षं मी या सोहळ्यात प्रवचनाला उभा राहतो. आणि दरवर्षी माझी नजर एकदा तरी दाराकडे जाते. तिथे कोणी ना कोणी अशी असते, जी आत येत नाही. पाळणा हलताना तिला पाहवत नाही, आणि देवाचा जन्म चुकवावा असंही तिच्या मनाला वाटत नाही. म्हणून ती उंबऱ्यापाशी, खांबाला धरून उभी असते.

आजचं हे बोलणं त्या उंबऱ्यावरच्या माउलीसाठी आहे. आणि तिच्या घरच्यांसाठी, शेजाऱ्यांसाठी, आणि माझ्यासारख्या बोलघेवड्यांसाठीही आहे.

आपल्या भंडारा जिल्ह्याला हे दुःख शिकवावं लागत नाही. ९ जानेवारी २०२१ ची ती मध्यरात्र आपण कोणी विसरलेलो नाही. जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. दहा तान्ही बाळं गेली, सात बाळांना बाहेर काढता आलं. त्या वर्षी दत्तजयंती २९ डिसेंबरला झाली होती. करोनामुळे उत्सव साधाच झाला, पण पाळणा हलला होता. त्याला जेमतेम अकरा दिवस झाले होते. सकाळी बातमी आली तेव्हा मार्गशीर्ष वद्य एकादशी होती. घरोघरी उपास होता, आणि त्या दिवशी उपास नसलेल्यांच्याही घशाखाली घास उतरला नाही.

आग कशी लागली, कोणाचं काय चुकलं, हा या लेखाचा विषय नाही. त्यासाठी चौकशी आहे, न्यायालय आहे. मी विचार करतो तो त्या दहा ओल्या बाळंतिणींचा. आपल्यात इतक्या लहान बाळाला अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात. पिंडदान नाही, तेरवी नाही. मोठं माणूस गेलं की तेरा दिवस घर भरलेलं असतं, रडायला जागा असते, विधी असतात, हाताला काम असतं. तान्हं बाळ गेलं की एका दिवसात सगळं आटोपतं, आणि लोक म्हणतात, "लहान आहेस अजून, दुसरं होईल." त्या आईच्या अंगात मात्र दूध उतरलेलं असतं. त्या दुधाला कोण समजावणार की बाळ गेलं?

असा समजावण्याचा उद्योग मी स्वतः केलेला आहे. तो कसा चुकला ते आज सांगतो.

आमच्या भागातल्या एका गावात एक जोडपं आहे. त्यांचं नाव-गाव सांगण्याचं कारण नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी मूल नव्हतं. भाऊंनी गुरुचरित्राचे सप्ताह केले, दर गुरुवारी औदुंबराला पाणी घातलं. वाहिनी सात दिवस सोवळ्यानं स्वयंपाक करायच्या, कोणी दारी आलं तर जेवल्याशिवाय जाऊ द्यायच्या नाहीत. मुलगा झाला, त्याच्या पाठीवर चार वर्षांनी मुलगी झाली. मुलाच्या बारशाला मीच गेलो होतो. औदुंबराचा प्रसाद म्हणून सगळं गाव त्याचं कौतुक करायचं.

पोरगा अकरा वर्षांचा झाला. रोवणीचे दिवस होते, आई-बाप दिवसभर चिखलात. रात्री सगळे दमून जमिनीवर अंथरूण टाकून झोपले. पहाटे पोरगा म्हणाला, पोट दुखते. मग त्याच्या पापण्या जड झाल्या, बोलणं जड झालं. मण्यार चावल्याचं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मण्यारीचा दंश दुखत नाही, खूण धड दिसत नाही. दवाखान्यात पोहोचेपर्यंत फार उशीर झाला होता. (माउलीहो, पावसाळ्यात पोरांना खाली निजवू नका. खाटेवर निजवा, मच्छरदाणी लावून कडा अंथरुणाखाली खोचा. पहाटे पोट दुखून पापण्या मिटायला लागल्या तर झाडफूक करणाऱ्याकडे वेळ घालवू नका, सरळ दवाखाना गाठा. हेही धर्माचंच बोलणं आहे.)

पाचव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. प्रवचनकार माणूस, गप्प बसण्याची सवय नाही. बसलो आणि बोलायला लागलो. आत्मा अमर आहे, देह वस्त्रासारखा आहे, देणं-घेणं संपलं की जीव निघून जातो, प्रारब्ध कोणाला चुकलं नाही. सगळं शास्त्रातलंच होतं. भाऊ खाली मान घालून ऐकत होते. थोड्या वेळानं त्यांनी मान वर केली आणि एवढंच म्हणाले,

"महाराज, शिरोळच्या बाईचं पोरगं उठलं जी. आमचं कावून नाई उठलं? आमचं वाचन कमी पडलं का?"

आतल्या खोलीतून वाहिनींचा आवाज आला, "आन् पापाचं म्हनता त सांगा महाराज, त्या लेकराचं कोनतं पाप होतं? त्यानं त आजवर मुंगीबी मारली नाई."

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मी पाणी प्यालो, नमस्कार केला आणि उठलो. घरी येईपर्यंत सायकलीवर एकच विचार होता, की ज्या पोथीनं या माणसाला मूल मिळेल अशी आशा दिली, तीच पोथी आज त्याला टोचते आहे. आणि ती टोचावी असं बोलणारा मीच होतो.

त्या रात्री मी गुरुचरित्राचा विसावा आणि एकविसावा अध्याय पुन्हा वाचायला घेतला. शेकडो वेळा वाचलेले अध्याय. पण त्या दिवशी भाऊंच्या जागी बसून वाचले.

कथा आपल्याला ठाऊक आहे. शिरोळ गावची एक ब्राह्मण स्त्री. तिची पाच मुलं एकामागून एक गेली. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर औदुंबराखाली श्रीनृसिंहसरस्वतींच्या पादुका आहेत, तिथे तिनं सेवा केली. त्यानंतर तिला दोन मुलगे झाले. थोरला लहानपणीच धनुर्वातानं गेला. आईनं असा आकांत मांडला की प्रेत कोणाला उचलू देईना. तेव्हा एक ब्रह्मचारी तिथे आला आणि त्यानं तिला उपदेश केला. देह पंचभूतांचा आहे, येणं-जाणं कर्माप्रमाणे आहे, कोणी कोणाचा नाही, शोक कशाला करतेस.

इथे मी थांबलो. कारण हा उपदेश म्हणजे मी भाऊंच्या घरी दिलेलं प्रवचनच होतं! आणि पुढे काय झालं? ती आई शांत झाली का? नाही. ती म्हणाली, माझं मन स्थिर होत नाही. ज्या देवानं वर दिला, त्याच्या वचनाचं काय? मी त्याच्यावर विश्वास टाकला, आता त्याच्यावर विश्वास कोण ठेवील? तिनं ब्रह्मज्ञान ऐकून घेतलं आणि बाजूला ठेवलं. देवाशी तिचा हिशेब राहिला होता.

मग त्या ब्रह्मचाऱ्यानं काय केलं ते नीट बघा. तो रागावला नाही. तू अज्ञानी आहेस, असं म्हणाला नाही. आणखी दोन श्लोक सांगत बसला नाही. तो म्हणाला, मग जिथे तुला वर मिळाला तिथेच जा, आणि तिथेच विचार.

आणि ती गेली. मेलेलं मूल घेऊन औदुंबराखाली गेली. पादुकांवर डोकं आपटलं, रक्त आलं. संध्याकाळ झाली, लोक म्हणाले प्रेत द्या, दहन करू. तिनं दिलं नाही, मलाही याच्यासोबत जाळा म्हणाली. लोक कंटाळून निघून गेले. रात्रभर ती तिथे होती. तिला स्वप्न पडलं, त्या स्वप्नातही तिनं गाऱ्हाणंच मांडलं.

मूल उठलं, हा या कथेचा शेवट आपण लक्षात ठेवतो. सप्ताहात तिथे आलो की आपला आवाज चढतो, डोळे भरून येतात. पण आपल्यातल्या बहुतेकांची मुलं, नवरे, बायका, आई-बाप उठलेले नाहीत. मग हा अध्याय आपल्यासाठी नाहीच का? मला त्या रात्री यात तीन गोष्टी दिसल्या. त्याच सांगतो.

पहिली गोष्ट. त्याच बाईची आधीची पाच मुलं परत आली नाहीत. पोथी हे लपवत नाही. सहावं मूल उठलं म्हणून ती पाच दुःखं पुसली गेली, असं पोथी कुठे म्हणत नाही. म्हणजे गुरुचरित्रानं कधीही असं वचन दिलेलं नाही की वाचणाऱ्याच्या घरी मरण येणार नाही. ज्याचं मूल उठलं त्याची भक्ती पूर्ण आणि ज्याचं गेलं त्याची अपुरी, हा हिशेब आपण लावलेला आहे. पोथीचा तो नाही. म्हणून भाऊ, तुमचं वाचन कमी पडलं नाही. हे मला त्या दिवशी तुमच्या ओसरीवर म्हणता यायला हवं होतं.

दुसरी गोष्ट प्रारब्धाची. या कथेत पाच मुलं का गेली त्याचं कारण सांगितलेलं आहे, पूर्वजन्मीच्या बुडवलेल्या ऋणाचं. तेवढं धरून आपण दुःखाच्या घरी जाऊन तर्क करत बसतो, काहीतरी मागचं असेल, कोणाचा तरी तळतळाट असेल. पण पोथीत ते कारण शेजाऱ्यानं सांगितलेलं नाही. तिनं स्वतः विचारलं तेव्हा सांगितलं गेलं, आणि सांगणाऱ्यानं लगेच उपायही हातात दिला. ज्याच्याजवळ उपाय नाही त्याला कारण सांगण्याचा अधिकार नाही. प्रारब्ध हा शब्द आपण आपल्या स्वतःच्या दुःखाला लावावा, त्यानं धीर येत असेल तर जरूर लावावा. दुसऱ्याच्या दुःखावर तो ठेवला की दगड होतो. अकरा वर्षांच्या पोराच्या आईला मी तो दगड मारून आलो होतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते. तिनं देवाला बोल लावला, आणि देव रागावला नाही. पादुकांवर रक्त सांडलं, ते विटाळ म्हणून कोणी पुसायला आलं नाही. गाऱ्हाणं हीसुद्धा सेवा म्हणून धरली गेली. गुरुचरित्राची सुरुवातच बघा ना! नामधारक घरातून निघतो तो कंटाळून, जीव नकोसा होऊन, आणि गुरूला म्हणतो, तुम्ही दयाळू म्हणवता मग माझ्याकडेच का पाहत नाही? एवढा मोठा ग्रंथ एका त्रासलेल्या माणसाच्या तक्रारीतून उभा राहिला आहे. दत्त महाराजांना तक्रार चालत नसती तर सिद्धमुनी त्याला भेटलेच नसते.

तेव्हा माउलीहो, गेल्या वर्षात ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांना माझं सांगणं आहे. देवाचा राग आला असेल तर येऊ द्या. पोथी उघडावीशी वाटत नसेल तर कपड्यात बांधून ठेवा, तिला घाई नाही. दिवा लावताना हात थांबत असेल तर घरातलं दुसरं कोणी लावील. पण भांडायचं असेल तर त्याच्यापाशी जाऊन भांडा. पाठ फिरवून एकट्यानं कुढण्यापेक्षा औदुंबराखाली बसून बोल लावलेला बरा. शिरोळच्या आईनं तेच केलं.

कोणी म्हणेल, महाराज, साधकानं शोक करू नये असं सांगतात. तर मग संतांकडे बघा. शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीला ज्ञानेश्वर माउलींनी समाधी घेतली. त्या सोहळ्याचे नामदेवरायांचे अभंग वाचा. त्यात निवृत्तिनाथांचा धीर सुटलेला आहे. जे स्वतः माउलींचे सद्गुरू, ज्यांनी त्यांना ज्ञान दिलं, तेच धाकट्या भावासाठी व्याकूळ होतात. ज्ञानानं डोळ्यांतलं पाणी आटत नाही, सज्जनहो. ज्ञान असलं तर रडून झाल्यावर माणूस पुन्हा उठतो, एवढंच.

आता आपल्या जिल्ह्याचं एक भाग्य सांगतो. प. प. श्रीवासुदेवानंद सरस्वती, म्हणजे आपले टेंबे स्वामी, यांचा १९०९ सालचा चातुर्मास आपल्या पवनीला वैनगंगेच्या काठी झाला. ज्या वाळूवरून आपण कार्तिकात स्नानाला उतरतो, त्या काठानं त्यांचे पाय गेले आहेत. त्यांचं दत्तपुराण, त्यांची करुणात्रिपदी आपल्याला ठाऊक आहे. पण त्यांचा संसार आपण विसरतो. १८५४ साली माणगावी जन्मलेले हे महापुरुष गृहस्थ होते. त्यांना मूल झालं, ते जगलं नाही. पुढे १८९१ साली गोदावरीकाठी गंगाखेडला त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई वारल्या. साक्षात दत्तप्रभू ज्यांच्याशी बोलत असं आपण मानतो, त्यांच्या घरीही मूल उठलं नाही, पत्नी उठल्या नाहीत. स्वामींनी पत्नीचे दिवस रीतीप्रमाणे पूर्ण केले, आणि ते झाल्यावर संन्यास घेतला.

यावरून दोन गोष्टी घ्याव्या. ज्याच्या घरी मरण आलं त्याच्यावर देवाची अवकृपा झाली, हे म्हणणं टेंबे स्वामींच्या पायाशी टिकत नाही. आणि दुसरं, एवढा विरक्त पुरुषसुद्धा दुःखाचे दिवस टाळून पुढे गेला नाही. आधी ते दिवस पुरे केले. दुःखाला त्याचा वेळ द्यावा लागतो. आपल्यासारख्यांना तर तेरा दिवस मुळीच पुरत नाहीत.

इथे एक इशाराही द्यायला हवा. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूतांनी यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, त्यांत एक कपोत आहे, कबुतर. पारध्याच्या जाळ्यात पिल्लं अडकली. ती पाहून मादीनं आकांत केला आणि जाळ्यात झेप घेतली. तिला पाहून नरानंही घेतली. थोर लोक इथे आसक्तीचा दोष सांगतात, तो खराच आहे. पण दुःखाच्या घरी जाऊन, तुम्ही पोरात फार गुंतला होता म्हणून हे झालं, असं सांगण्यासाठी हा दृष्टांत नाही. मला त्यात वेगळी सूचना दिसते. दुःखात असताना जाळं फार ओढतं. वाटतं आपणही उडी घ्यावी. जेवण सुटतं, झोप सुटते, शेत पडीक राहतं, माणूस बाटलीला लागतो, कधी कधी त्याहून वाईट विचार मनात येतो. अवधूत सांगतात, ते जाळं ओळखा.

भाऊंचं तेच चाललं होतं. जेवत नव्हते, बांधीत जात नव्हते. धानाकडे लक्ष नव्हतं. आणि त्या घरात सात वर्षांची मुलगी होती, तिच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. भाऊ गेला, आणि आई-बापही डोळ्यांसमोर असून नसल्यासारखे झाले. घरात मरण आलं की लहान पोरांचं दुःख मोजायचं राहून जातं. तिनं कोणाला विचारावं? मोठ्यांनो, त्यांना जवळ घ्या. भाऊ कुठे गेला हे खरं सांगा, झोपला आहे असं सांगू नका, नाहीतर ती लेकरं झोपायलाच भितात. आणि मन फारच खचलं, जगणं नकोसं झालं असं वाटलं, तर डॉक्टरांना दाखवण्यात कमीपणा नाही. सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६ हा नंबर दिवसरात्र लागतो, मराठीत बोलता येतं. औषध घेणं म्हणजे दत्तावर अविश्वास नव्हे. पाय मोडला तर आपण नुसतं भस्म लावून बसत नाही ना?

आता शेजाऱ्यांनी काय करावं? अवधूतांचा पहिला गुरू पृथ्वी. ती सोसते, बोलत नाही, आणि पायाखालून सरकत नाही. दुःखाच्या घरी आपण पृथ्वी व्हावं. जावं, बसावं. बोलायला सुचत नसेल तर बोलू नये. घागर रिकामी दिसली तर भरून आणावी, जनावरांना चारा टाकावा, दोन भाकरी नेऊन द्याव्या. गेलेल्याचं नाव घ्यायला भिऊ नये. आपल्याला वाटतं नाव काढलं की त्यांना आठवण होईल. अहो, ते विसरलेले असतात कधी! नाव कोणीच घेत नाही, याचंच त्यांना जास्त लागतं.

आणि तेरवी झाली की आपण सगळे परततो, तिथे खरी गरज सुरू होते. पहिला पोळा, पहिली दिवाळी, गावच्या मंडईला पाहुणे येतात तो पहिला दिवस, आणि पहिली दत्तजयंती, हे दिवस लक्षात ठेवा. त्या दिवशी त्या घरात एक चक्कर टाका. तेवढं पारायण सात दिवसांच्या पारायणाइतकंच आहे असं मी समजतो.

हे मी त्यांच्याच घरी शिकलो. पोळा झाला, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा होता. गावातली पोरं लाकडी बैल सजवून निघाली होती. मी भाऊंकडे गेलो. यावेळी काही बोलायचं नाही असं ठरवून गेलो होतो. ओसरीवर बसलो. बऱ्याच वेळानं ती मुलगी आतून आली. तिच्या हातात भावाचा लाकडी बैल होता, एका चाकाची खीळ निघालेली. बापासमोर ठेवून म्हणाली, "बाबा, याले रंग द्या ना."

भाऊंनी तो बैल हातात घेतला आणि ते रडले. पोरगा गेल्यापासून पहिल्यांदाच, असं वाहिनी नंतर म्हणाल्या. मी तसाच बसून राहिलो. मग त्यांनी डोळे पुसले, उठून खिळा शोधला, चाक बसवलं. रंग काही घरात नव्हता, हळद-कुंकू लावलं. पोरगी बैल ओढत गल्लीत गेली. भाऊ दारापर्यंत गेले आणि ती दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिले. मला वाटतं, त्या दिवशी ते जाळ्यापासून दोन पावलं मागे आले.

सगळं नीट झालं असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. दोन वर्षं त्यांच्या घरी सप्ताह झाला नाही. मी विचारलंही नाही. भाऊ अधूनमधून गुरुवारी मंदिरात यायचे, आत न जाता औदुंबराखाली बसायचे. कधी मीही शेजारी जाऊन बसायचो. एकदा म्हणाले, "महाराज, मी अजून रागावलोच आहे बरं." मी म्हटलं, "भाऊ, इथं येऊन रागावता ना, मग झालं." त्यावर ते थोडे हसले.

तिसऱ्या वर्षी दत्तजयंतीला पाळण्याच्या वेळी मी सवयीनं दाराकडे पाहिलं. वाहिनी खांबाला धरून उभ्या होत्या. बायांनी त्यांना हाताला धरून आत आणलं, दोरी पुढे केली. त्यांनी दोरी घेतली नाही. "तुमी हालवा बाई, मी इथंच बसतो," म्हणाल्या आणि पाळण्याजवळ बसल्या. दोरी त्यांच्या लेकीनं धरली. जन्म झाला, गुलाल उडाला. वाहिनींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या पाळण्याकडे बघत होत्या. कोणी त्यांना रडू नका म्हणालं नाही. आमच्या गावानं एवढं शिकून घेतलं होतं.

सती अनसूयेचा विचार करा. तिच्या मांडीवर तीन बाळं खेळली. पुढे चंद्र गेला, दुर्वास गेले, दत्त तिच्यापाशी राहिले. जिचा पाळणा हलवायला आपण जमतो, तिनंही दोन लेकरांना निरोप दिलेला आहे. गेलेल्यांसाठी रडणाऱ्या आईचं दुःख त्या माउलीला नवं नाही, आणि तिच्या लेकालाही नाही.

म्हणून यंदा पाळणा हलवताना उंबऱ्याकडे एकदा बघा. तिथे कोणी उभं असेल तर जागा करून द्या. आत यावंसं वाटलं तर येऊ द्या, नाही वाटलं तर सुंठवडा तिथेच नेऊन द्या.

दत्त महाराजांच्या चरणी एवढंच मागणं आहे. देवा, ज्यांची माणसं परत आली नाहीत त्यांचं गाऱ्हाणं ऐकायला तू औदुंबराखाली जागा राहा. आणि आम्हाला त्यांच्या शेजारी गप्प बसण्याची बुद्धी दे.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥